मुक्या जनावराचं दुखणं मोजायचं कसं: कुत्र्या-मांजरांच्या वेदना आणि तालुक्याच्या दवाखान्यातले उपचार

बैल लंगडला की दुसऱ्या दिवशीची वखरणी अडते, म्हणून त्याचं दुखणं घरातल्या लहान पोरालाही दिसतं. मांजराची कंबर दोन वर्षं दुखत असते, ती माळवदावर चढायची बंद होते, आणि घरची माणसं म्हणतात, 'म्हातारी झाली आता.' कुत्रं परक्याने हात लावला की गुरगुरायला लागतं, तर त्याला 'चिडकं' ठरवून साखळीला बांधतात. दुखणं अंगावर काढण्यात या दोघांचा हात कुणी धरणार नाही. मोठ्याने केकाटणारं कुत्रं दवाखान्यात लवकर येतं. गप्प बसलेलं मांजर येतच नाही.

हा लेख मुख्यतः मराठवाड्यातल्या तालुक्याच्या ठिकाणी गायी-म्हशींबरोबर आता कुत्री-मांजरंही पाहू लागलेल्या नव्या डॉक्टरांसाठी आहे. ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांनी दुखणं ओळखण्याचा आणि शेवटचा घरच्या काळजीचा भाग नीट वाचावा. मधल्या औषधांच्या मात्रा डॉक्टरांसाठी आहेत. त्या वाचून मेडिकलवर जाऊ नये. का ते पुढे येईलच.

हात लावण्याआधी

कुत्रं टेबलावर घ्यायची घाई करू नका. गेटपासून आत येताना ते कसं चालतं ते केस पेपर भरता भरता बघा. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना मान वर उचलली जाते आणि चांगला पाय टेकताना खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. बसताना एक पाय बाहेर टाकून बसणं, उठताना आधी पुढच्या पायांवर जोर देणं, पाठ कमानीसारखी धरणं, या गोष्टी टेबलावर दिसत नाहीत. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, अशा अवस्थेत कुत्रं वारंवार थांबत असेल तर पोटदुखी धरून चाला. स्वादुपिंडाच्या सुजेत हे दिसू शकतं.

मांजराच्या बाबतीत दवाखान्यातली चाल बघून काही हाती लागत नाही. पिशवीतून काढलं की ते दगडासारखं बसतं. घरच्यांना मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढून आणायला सांगा: ओट्यावर उडी मारताना, उतरताना, जिना चढताना. फोनवरच सांगितलं की व्हिडिओ घेऊनच येतात.

'काय होतंय?' असं विचारलं की 'खात नाही, सुस्त आहे' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारा. मांजर पूर्वी जिथे झोपायचं तिथेच झोपतं का? उंचावर एका उडीत जातं की आधी खुर्चीवर, मग वर? पळतं का, दोरीमागे धावतं का? अंग चाटतं का? पाठीच्या मागच्या भागात केसांच्या गाठी झाल्या असतील तर मान तिथवर वळत नाही, असा त्याचा अर्थ. नखं वाढून गादीत रुतत असतील तर ते नखं घासायला जात नाही. राखेच्या किंवा वाळूच्या घमेल्याबाहेर शी करत असेल तर घमेल्याची कड ओलांडताना दुखत असण्याची शक्यता आधी तपासा, खोडी नंतर. १२ वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर १० पैकी ९ मांजरांच्या सांध्यांत झीज सापडते. त्यातली किती लंगडत आलेली असतात? जवळजवळ एकही नाही. दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतात, मग लंगडणार कोणत्या पायाने?

मांजर गुरगुरतंय म्हणजे खूश आहे, हा समज काढून टाका. जखमी आणि मरणासन्न मांजरंही गुरगुरतात.

बोका घमेल्यात बसून कुंथतोय, ओरडतोय, तर घरचे 'बद्धकोष्ठ झालाय' म्हणून एरंडेल पाजून आणतात. आधी मूत्राशय चाचपा. टणक, लिंबाएवढं किंवा मोठं लागलं तर लघवी तुंबली आहे, आणि ती तासांची बाब आहे. मागचे दोन्ही पाय एकदम गेले, पंजे गार पडले आणि मांजर आक्रोश करतंय तर रक्ताची गाठ महाधमनीत अडकली असण्याची शक्यता असते. शरीराला होणाऱ्या सगळ्यांत भयंकर वेदनांपैकी ही एक, म्हणून निदानाची खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. वेदनाशामक आधी, बाकी नंतर.

आणखी एक, आपल्या भागात विसरून चालणार नाही असं. लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, 'घशात हाड अडकलंय बहुतेक' असं मालक सांगतो, आणि लस झालेली नाही. तोंडात हात घालण्याआधी पिसाळल्याचा विचार करा. हाड नंतर शोधता येईल. कुत्र्या-मांजरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने, कंपाउंडरसकट, स्वतःची रेबीजपूर्व लस घेतलेली असली पाहिजे.

हात लावताना

दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करा. डावा मागचा पाय दुखतोय असं वाटलं तर आधी उजवा तपासा, मग पाठ, मग डावा, आणि संशयाचा सांधा सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच दुखवलंत तर पुढे सगळं अंग आखडतं आणि काहीच कळत नाही. दाबताना नजर बोटांवर नको, तोंडावर ठेवा. ओठ चाटणं, मान वळवून हाताकडे बघणं, श्वास क्षणभर थांबणं, बाहुली मोठी होणं ही उत्तरं केकाटण्याच्या आधी येतात.

बोटांच्या बेचक्या आणि कान बघायचे राहून जातात. पावसाळ्यानंतर माळावरचं कुसळी गवत वाळलं की त्याची कुसळं बेचक्यात आणि कानात शिरतात आणि आतल्या आत पुढे सरकतात. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर वरची जखम बुजते, पाय मात्र महिनाभर उचलूनच धरतात.

नाडी आणि श्वासावरून वेदना ठरवू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडला ४३ अंशांत रिक्षातून आलेलं कुत्रं धापा टाकणारच. १५-२० मिनिटं कुलरसमोर, पाणी दाखवून ठेवा. तरीही धाप आणि अस्वस्थता तशीच राहिली, दर मिनिटाला जागा बदलत राहिलं, तर ते दुखणं.

आकडा लिहा

'बरंच दुखतंय' असं केस पेपरवर लिहून उपयोग नाही, कारण दोन तासांनी दुसऱ्याने बघितलं तर त्याला तुलना करायला काही नसतं. मोजण्याच्या तयार पद्धती आहेत, फुकट आहेत आणि दोन मिनिटांत होतात.

कुत्र्यातल्या ताज्या दुखण्यासाठी, म्हणजे ऑपरेशन, अपघात, पोटदुखी अशा वेळी, ग्लासगो पद्धतीचा छोटा तक्ता वापरा. त्यात सहा गोष्टी बघतात: आवाज, जखमेकडे लक्ष, चाल, जखमेभोवती हलकं दाबल्यावरचा प्रतिसाद, एकूण स्वभाव आणि बसण्या-उठण्याची ढब. एकूण २४ गुण. ६ किंवा जास्त आले तर वेदनाशामकाची गरज आहे. पाय मोडल्यामुळे वगैरे चालवता येत नसेल तर चालीचे गुण वगळून २० पैकी मोजतात आणि तिथे रेषा ५ वर. हा तक्ता जुन्या सांधेदुखीला लावू नका, त्यासाठी तो बनलेला नाही.

मांजरासाठी चेहऱ्याचा तक्ता सोपा. माँट्रियलच्या विद्यापीठात तयार झालेला हा तक्ता २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यापासून थोडं लांब उभं राहून अर्धा मिनिट बघायचं आणि पाच जागांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण द्यायचे. कान समोर असतील तर ०, एकमेकांपासून थोडे दूर ओढलेले तर १, चपटे होऊन बाहेर वळलेले तर २. डोळे उघडे, अर्धवट मिटलेले, किंवा आवळून बारीक केलेले. तोंडाचा पुढचा भाग गोल आणि सैल असतो. दुखताना तो ताणून लांबट होतो. मिशा सैल आणि वाकलेल्या असतात. दुखताना सरळ ताठ होऊन पुढे येतात. डोकं खांद्याच्या रेषेच्या वर, बरोबरीला, की खाली झुकलेलं. १० पैकी ४ झाले की औषध द्या. मांजर झोपलेलं, खात असलेलं, अंग चाटत असलेलं किंवा ओरडत असलेलं असताना गुण देऊ नका, आकडा चुकतो.

आकडा जमला नाही, संशयच राहिला, तर? वेदनाशामक देऊन अर्ध्या-पाऊण तासाने परत बघा. मांजर उठून अंग चाटायला लागलं, कुत्रं आडवं होऊन शांत झोपलं, तर निदान झालं.

गायीची सवय मांजराला मारते

आता औषधं. बहुतेक अपघात ज्ञानाच्या अभावाने होत नाहीत. गोठ्यातली सवय हातात राहिलेली असते, त्यातून होतात.

पहिली सवय बाटलीची. जनावरांच्या दवाखान्यात मेलोक्सिकॅमबरोबर पॅरासिटामॉल मिसळलेलं इंजेक्शन सर्रास असतं, एका मिलीत मेलोक्सिकॅम ५ आणि पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम अशा प्रमाणात. ताप असलेल्या गायीला ते ठीक. मांजराला ते विष आहे. पॅरासिटामॉलचा निचरा करणारं यकृतातलं विकर मांजरात जवळजवळ नसतं. मग त्यातून तयार होणारा विषारी घटक रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद मोडतो. किलोला १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे, म्हणजे माणसाची ५०० ची एक गोळी ४ किलोच्या मांजराला पुरून उरते. हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर, तोंड आणि पंजे सुजलेले, श्वास जड, लघवी गडद, असं मांजर आलं तर 'ताप आला म्हणून काही दिलं का?' हा पहिला प्रश्न. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन माणसांच्या दवाखान्यात मिळतं. पहिली मात्रा किलोला १४० मिलिग्रॅम, नंतर दर ६ तासांनी ७०, असे सुमारे सात डोस. २०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेल्या अँप्यूलमधून ४ किलोच्या मांजराला पहिल्यांदा २.८ मिली, त्याच्या तिप्पट, म्हणजे ८.४ मिली, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करून १५-२० मिनिटांत शिरेतून हळू.

दुसरी सवय अंदाजाची. साध्या मेलोक्सिकॅमच्या इंजेक्शनातही ५ आणि २० मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन ताकदी फिरतात. ४ किलोच्या मांजराला किलोला ०.१ या मात्रेने ०.४ मिलिग्रॅम लागतं, ५ च्या बाटलीतून ०.०८ मिली. तीच खूण धरून २० च्या बाटलीतून काढलं तर चौपट. २ मिलीच्या सिरिंजने हे मोजताच येत नाही, १ मिलीची वापरा. माणसाची ७.५ ची गोळी 'अर्धी द्या' म्हटलं तरी ती जवळजवळ नऊपट होते. मांजरात हे औषध दुसऱ्या दिवसापासून द्यायचंच असेल तर किलोला ०.०५ वर उतरायचं, मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून, आणि मांजर खात-पीत असेल तरच.

कुत्र्याला मेलोक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोला ०.२, नंतर दिवसातून एकदा ०.१. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी ४ मिलिग्रॅम, मग २. खाल्ल्यावर द्यायचं. उलटी, अन्न सोडणं, डांबरासारखी काळी शी यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद.

तिसरी सवय सगळ्यात जुनी: सूज दिसली की मेलोक्सिकॅमसारखं सूजविरोधी वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकाच सिरिंजमध्ये. कुत्र्यात हे दोन्ही एकत्र म्हणजे आतड्याला भोक पडण्याची सोय. आधी स्टिरॉइड झालं असेल, किंवा दुसरं सूजविरोधी औषध चालू असेल, तर मध्ये ५ ते ७ दिवस जाऊ द्या. तोवर अफू-गटातली (ब्युटॉरफॅनॉल, ब्युप्रेनॉर्फिन) किंवा नसांच्या दुखण्याची औषधं वापरता येतात.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन माणसांच्या पाकिटातून कुत्र्याला नकोच. मालकाच्या गुडघ्याला चोळलेलं मलम चाटूनही कुत्री-मांजरं आजारी पडतात. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, गिधाडं वाचावीत म्हणून. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही त्या यादीत गेले. जुन्या बाटल्या कपाटात असतील तर काढून टाका.

आपल्या हवामानातली एक गोष्ट पुस्तकात ठळक नसते. सूजविरोधी औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या ज्या रसायनाला रोखतात, त्याच्याच जोरावर पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकलेला असतो. एप्रिल-मेमध्ये दोन दिवस उपाशी, जीभ कोरडी पडलेलं कुत्रं, किंवा जुलाब-उलट्यांचं, किंवा ट्रकखाली आलेलं धक्क्यातलं कुत्रं, यांना ही औषधं दिली तर दुखणं उतरतं आणि मूत्रपिंड जातं. आधी सलाइन, आधी लघवी होते का ते बघा. अपघाताच्या केसमध्ये पहिली बारी अफू-गटातल्या औषधाची, सूजविरोधीची नंतर.

दुसरी गोष्ट गोचिडांची. गोचीड तापात सांधे दुखतात, कुत्रं आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतं, आणि त्याच वेळी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरलेल्या असतात. लंगडतंय म्हणून सूजविरोधी औषध दिलं की नाकातून, शीवाटे रक्त. पाय बदलून लंगडणं, ताप, हिरड्यांवर किंवा पोटावर लाल ठिपके दिसले तर आधी रक्ताची तपासणी करा. तिथलं खरं औषध डॉक्सिसायक्लिन, किलोला रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. सांधेदुखी बऱ्याचदा त्यानेच दोन-तीन दिवसांत उतरायला लागते.

शांत झालं म्हणजे दुखणं थांबलं नाही

ट्रायफ्लुप्रोमॅझीन या नुसत्या शांत करणाऱ्या औषधाने कुत्रं पडून राहतं. त्याला दुखतं तेवढंच, सांगायची ताकद तेवढी जाते. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. झायलाझिनने थोडा वेळ खरंच वेदना कमी होतात, पण गुंगी टिकते त्याच्या निम्माही वेळ नाही, १५ ते ३० मिनिटं. उताऱ्याचं योहिंबिन दिलं की तीही संपते. म्हणून नुसत्या झायलाझिन-केटामाइनवर नसबंदी उरकून, उतारा देऊन सोडलेलं कुत्रं बाहेर जाऊन कुठल्याशा गटाराकाठी विव्हळत पडतं.

तालुक्याला मिळण्यासारखं ब्युटॉरफॅनॉल: किलोला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, असर तासभर, फार तर दोन तास. पोटाच्या दुखण्याला बरं, मोडलेल्या हाडाला अपुरं. ब्युप्रेनॉर्फिन मिळालं तर मांजरासाठी उत्तम: किलोला ०.०२ मिलिग्रॅम, साधारण ६ ते ८ तास. ०.३ प्रति मिलीच्या इंजेक्शनातून ४ किलोला ०.२७ मिली. सुई न टोचता गालाच्या आतल्या बाजूला सोडलं तरी मांजरात शोषलं जातं. असर चढायला अर्धा तास लागतो, तेवढा धीर धरा. ट्रॅमाडॉलची गोळी कुत्र्यात भरवशाची नाही, कारण वेदना मारणारा त्याचा घटक कुत्र्याचं यकृत फारसा बनवत नाही. मांजरात बनतो, पण गोळी इतकी कडू की तोंडातून फेसच फेस. ट्रॅमाडॉल, केटामाइन, ब्युप्रेनॉर्फिन तिन्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. वेगळी नोंदवही, कुलूप आणि प्रत्येक मिलीचा हिशेब.

१५ किलोच्या कुत्रीची नसबंदी, दुखण्याच्या बाजूने

कापण्याआधी दिलेलं औषध नंतर दिलेल्यापेक्षा जास्त काम करतं. कापलेल्या जागेवरून मज्जारज्जूवर सतत मारा झाला की तिथल्या पेशी तापतात, मग साधा स्पर्शही दुखायला लागतो, आणि ही तापलेली अवस्था उतरवणं अवघड जातं.

आधी स्नायूत झायलाझिन किलोला ०.५, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम, आणि ब्युटॉरफॅनॉल किलोला ०.२, म्हणजे ३ मिलिग्रॅम. १५ मिनिटं शांत जागी. शिरेत कॅन्युला लावून केटामाइन किलोला ५ आणि डायझेपाम ०.२५. कारवान किंवा पश्मी या सडपातळ शिकारी जातीचं कुत्रं असेल तर थायोपेंटोनच्या वाटेला जाऊ नका. अंगावर चरबी नाही, औषध लवकर उतरत नाही, संध्याकाळपर्यंत शुद्ध येत नाही.

सलाइनच्या ५०० मिलीच्या बाटलीत ६० मिलिग्रॅम केटामाइन, म्हणजे ५० च्या ताकदीचं १.२ मिली. तासाला किलोला ५ मिली या वेगाने १५ किलोला ७५ मिली. २० थेंबांना १ मिली असलेल्या सेटवर मिनिटाला २५ थेंब. यातून मिनिटाला किलोमागे १० मायक्रोग्रॅम केटामाइन जातं, मज्जारज्जूचं तापणं रोखायला एवढं पुरतं. बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात 'केटामाइन' लिहा. रक्तदाब पडला म्हणून हीच बाटली भरभर सोडली तर केटामाइन भरभर जातं. जलद सलाइनसाठी दुसरी बाटली हाताशी ठेवा.

जागा बधिर करणारं लिग्नोकेन स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. कुत्र्याला कमाल किलोला ६ मिलिग्रॅम: १५ किलोला ९०, म्हणजे २ टक्क्यांचं ४.५ मिली. तेवढंच सलाइन घालून ९ मिली करा. ३ मिली कापायच्या रेषेवर कातडीखाली, दोन्ही बीजांडांच्या देठांवर २-२ मिली, उरलेलं २ मिली शिवताना स्नायूच्या थरात. प्रत्येक वेळी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा. मांजराला कमाल ३ धरा: ३ किलोला फक्त ०.४५ मिली, तेही पातळ करून. जास्त झालं तर आधी चेहऱ्याचे स्नायू फडफडतात, मग झटके. ॲड्रिनॅलिन मिसळलेलं लिग्नोकेन कान, शेपूट, बोटं यांना लावू नका, टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. ब्युपिव्हॅकेन ४ ते ६ तास टिकतं, कुत्र्यात किलोला २ च्या पुढे नाही, आणि शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं. 'हेवी' लिहिलेली बाटली माणसांच्या स्पायनलची असते, ती नको.

कुत्रा असेल तर प्रत्येक वृषणात मधोमध थोडं लिग्नोकेन सोडून एक-दोन मिनिटं थांबायचं. दोरी ओढताना कुत्रं पाय मारत नाही, एवढ्यावरूनच फरक कळतो.

रक्तदाब मोजायची सोय नसेल तर मेलोक्सिकॅम ऑपरेशन संपल्यावर, सलाइन गेल्यावर: ३ मिलिग्रॅम, ५ च्या बाटलीतून ०.६ मिली, कातडीखाली.

शुद्धीवर येताना ओरडणारं प्रत्येक कुत्रं दुखतंय म्हणून ओरडत नाही. केटामाइनच्या भ्रमात डोकं इकडून तिकडे डोलतं, हाकेला ओळख नसते, आणि जखमेभोवती दाबलं तरी ओरडण्यात फरक पडत नाही. दुखत असेल तर दाबल्यावर मान वळते. आधी मूत्राशय भरलंय का बघा, बऱ्याचदा तेच असतं. ठरवता येत नसेल तर वेदनाशामकाच्या बाजूने चुका. मग १, २, ४ आणि ८ तासांनी गुण लिहा.

जुनं दुखणं

सांध्याच्या झिजेवर गोळीइतकंच वजन महत्त्वाचं. लातूर-संभाजीनगरात फ्लॅटमध्ये वाढलेले ३६ किलोचे लॅब्रेडोर दिसतात, ज्यांचं वजन ३० असायला हवं. वजन ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन-सव्वादोन किलो उतरलं तरी लंगडणं दिसण्याइतकं कमी होतं. चहाबरोबरची बिस्किटं मोजायला सांगा, तिथेच निम्मा हिशेब लागतो.

गुळगुळीत फरशीवर कंबर दुखणाऱ्या कुत्र्याचे मागचे पाय पसरतात आणि दर वेळी सांधा नव्याने दुखावतो. जिथून ते उठतं आणि जिथे खातं, त्या वाटेवर गोणपाट किंवा सतरंजी टाका, खाली न सरकणारी. चालायला दिवसातून एकदा तासभर नेण्यापेक्षा १०-१५ मिनिटं तीनदा न्या. मांजराला ओट्याखाली एक पायरी द्या, घमेल्याची एक कड कापून बुटकी करा, पाणी वर न ठेवता खाली ठेवा.

नसांच्या दुखण्याला, मणक्याच्या त्रासाला गॅबापेंटिन: कुत्र्याला किलोला १० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, मांजराला ५ ते १० दर १२ तासांनी. पहिले दोन दिवस झोपाळूपणा येतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा निम्मी. एकदम बंद करू नका, आठवड्याभरात उतरवा. माणसांचं पातळ औषध घेताना झायलिटॉल आहे का ते वाचा, कुत्र्याला ते घातक आहे. दवाखान्यात येताना फार घाबरणाऱ्या मांजराला घरीच दीड-दोन तास आधी ५० ते १०० मिलिग्रॅम दिलं तर तपासणी नीट होते.

दीर्घकाळ सूजविरोधी औषध चालू ठेवायचं असेल तर सुरू करण्याआधी, पुढे दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करा. एक्स-रे, पाठीच्या कण्याची तपासणी किंवा ऑपरेशन लागणार असेल तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पाठवता येतं. पाठवताना दिलेली औषधं, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहा, नाहीतर तिथे दुसरं सूजविरोधी औषध वर चढतं.

घरी पाठवताना

'दुखलं तर गोळी द्या' असं सांगू नका, घरच्यांना दुखणं उशिरा कळतं. वेळ ठरवून द्या आणि चिठ्ठीवर मराठीत लिहा: कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, काय दिसलं की थांबवायची. खाली ठळक ओळ: घरातलं माणसांचं कोणतंही औषध देऊ नये.

मुका मार असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीनदा. त्यानंतर कोमट शेक. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल तेवढंच गरम. डाग देणं अजून काही गावांत चालतं, आणि अळ्या पडलेल्या जखमेत पेट्रोल किंवा फिनाइल ओतणंही. अळ्या मरतात, मांसही जळतं. अशा जखमेतल्या अळ्या वेदनाशामक आणि गुंगी देऊन चिमट्यानेच काढायच्या असतात. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक तुमच्या भागात येतं का ते विचारा, तोवर जखमेवर स्वच्छ ओलं कापड झाकून ठेवा. अपघात झालेल्या कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचलू नका. फळी किंवा घोंगडी सरकवून दोघांनी न्या, आणि तोंडाला कापडी पट्टी बांधा. श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर पट्टी नको. रोज हातातून खाणारं कुत्रंही अशा वेळी चावतं.

पहिल्या रात्री फोन करायला सांगा, आणि फोनवर तीनच गोष्टी विचारा: खाल्लं का, झोपलं का, आणि रोजच्या माणसाने हाक मारल्यावर शेपटी हलवली, डोकं उचललं का. तिन्हीला 'नाही' आलं तर सकाळची वाट न बघता बोलवा.